साळी गल्लीतले अकरा हात

बऱ्हाणपूरला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. किल्ला पाहिलात का, आणि मावा जिलबी खाल्लीत का. दोन्ही झालं. किल्ल्याच्या गच्चीवरून तापी पाहिली आणि जिलबीही खाल्ली. पण या लिखाणात त्यांचा भाग थोडाच. मी गेलो होतो निराळ्या कामाला, आणि ते काम असं अंगावर आलं की परत येऊन तीन महिने झाले तरी कागद पुढे ओढायचं धाडस होत नव्हतं.

आधी माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे पुढचं समजेल. माझे वडील पारोळ्याकडच्या एका खेड्यात बैलांना नाल ठोकतात. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला, आणि बी.ए. होणाराही मीच पहिला. हे मी लपवत नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगतो. सध्या जळगावला हायस्कुलात मास्तर आहे. आपल्याला चांगलं बोलता येतं हा शोध मला कॉलेजात लागला, आणि तेव्हापासून मी बोलतोच आहे.

जपानने चीनवर स्वारी केली, शहरांवर विमानांतून बाँब टाकायला लागला, तेव्हा जळगावात आम्ही चार-सहा जणांनी एक कमिटी काढली. जपानी माल घेऊ नका, एवढंच गावोगाव सांगायचं. भाषणं माझी. सामान म्हणजे चीनचा एक मोठा नकाशा आणि पुठ्ठ्यांवर चिकटवलेली सात चित्रं. मासिकांतले फोटो पाहून आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी ती मोठी करून काढली होती. भाषण संपलं की मी म्हणायचो, "ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा!" सगळे हात वर जायचे. मी ते मोजून कमिटीला कळवायचो. नंतर हीच मंडळी बाजारात जाऊन पोरांना जपानी भिरभिरी घ्यायची, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे सभेत हात वर करणं म्हणजे टाळी वाजवण्याचाच दुसरा प्रकार. वक्ता खूश, श्रोते मोकळे.

बऱ्हाणपूर, पहिला दिवस

स्टेशनवर दामूअण्णा घ्यायला आले होते. ते तिथल्या शाळेचे हेडमास्तर, माझ्या मामांच्या ओळखीतले. पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, डोक्यावर काळी टोपी. टांग्यात बसल्याबरोबर म्हणाले, "मास्तर, भाषण लांबवू नका. इथले लोक ऐकतात."

मला वाटलं, ते गंमत करतायत. ऐकतात ही काय तक्रार झाली?

रस्त्याला केळीच्या गाड्या लागल्या. घड पाल्यात गुंडाळून एकावर एक रचलेले, आणि वर गाडीवान झोपलेला. आमच्या खानदेशात केळी आहेतच, त्यामुळे त्याचं कौतुक वाटलं नाही. कौतुक वाटलं ते बोलीचं. टांगेवाला दामूअण्णांशी मराठीत बोलायचा, घोड्याशी हिंदीत आणि वाटेतल्या बाईशी दोन्हींत. "ओ बाई, हट नं जरा, घोडा काय तुले ओळखते का?" मी हसलो तर त्याने मागे वळून विचारलं, "साहेब कुठले? पुन्याचे?" मी म्हटलं, पारोळ्याकडचा. "मंग तर घरचेच हाय," असं म्हणून त्याने भाडं मात्र परक्याचंच घेतलं.

दामूअण्णांच्या घरी सकाळी सकाळी जिलबी आली. रंग काळपट, अंगठ्याएवढी जाड, माव्याची. गुलाबजाम वळून ठेवल्यासारखी. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा देतात, गोड जेवणात. इथे उलट. काकू म्हणजे दामूअण्णांच्या पत्नी म्हणाल्या, "पाहुण्याचं तोंड आधी गोड करावं. मग तो जे बोलेल ते गोड लागतं." मी तीन खाल्ल्या.

दुपारी साळी गल्लीत सभा. बऱ्हाणपुरात हातमाग फार, त्यातले बहुतेक मोमीन, म्हणजे मुसलमान विणकरांचे. साळ्यांची, म्हणजे हिंदू विणकरांची, गल्ली त्यांच्या मोहल्ल्याला लागूनच, पण लहान. अकरा घरं आणि अकरा माग. गल्लीत शिरण्याआधीच आवाज कानावर येतो. खट्-खट्, खट्-खट्, आणि मधे आडवा धागा घेऊन धोटा सरकल्याचा हलका सर्र आवाज. प्रत्येक घरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस बसलेला आणि समोर पसरलेला ताणा, म्हणजे लांब उभे धागे. लुगडी विणतात, काठापदराला चकाकी असलेली. ती चकाकी जपानी सुताची. म्हणूनच मला तिथे सभा हवी होती.

गल्लीचे चौधरी बाबा, म्हणजे साळ्यांच्या पंचांतले मुख्य, सत्तरीचे. त्यांनी नुसता हात हलवला आणि एकेक माग थांबला. चौकातल्या निंबाखाली माणसं बसली, बायका दारांत उभ्या राहिल्या. मी नकाशा टांगला. चित्रं दाखवत गेलो. पडलेला पूल, जळणारी पेठ, स्टेशनवर गोळा झालेली माणसं. मग पाचवं चित्र काढलं.

त्या चित्रात एक घर होतं. छप्पर उडालेलं, दोन भिंती शिल्लक. आणि मध्ये एक हातमाग, आहे तसा उभा, त्यावर अर्धं विणलेलं कापड. बसायच्या जागी कोणी नाही.

पहिल्या रांगेतला एक माणूस उठून चित्रापाशी आला. तिशीचा, उंच, मानेला जरा बाक आलेला. त्याचं नाव गणपत, हे मला नंतर कळलं. त्याने चित्रातल्या मागावर बोट ठेवलं.

"अरे, हा तर आपलाच माग हाय," तो म्हणाला. "फणी पाहा नं. धोटा सुद्दा तसाच." मग मला विचारलं, "मास्तरजी, विणणारा कुठी गेला?"

अशा प्रश्नाची वक्ता वाटच पाहत असतो. मी आवाज चढवला. "विणणारा मेला! आणि ज्या बाँबने मेला, तो तुम्ही जपानी सुताला दिलेल्या पैशांतून आला!"

जळगावात या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या. इथे पडल्या नाहीत. गणपतने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तो जागेवर जाऊन बसला. मी शेवटचं वाक्य म्हटलं, "ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा!"

कोणीच हालचाल केली नाही. माणसं चौधरी बाबांकडे पाहू लागली. बाबांनी मान वर करून निंबाकडे पाहिलं. मला राग आला. एवढं बोललो, हात वर करायला काय जातं? मी पुन्हा म्हटलं, "अहो, चीनच्या साळ्यासाठी एक हात उचलत नाही तुमचा?"

तेव्हा गणपतचा हात वर गेला. मग त्याच्या शेजारच्याचा. एकेक करत अकरा हात. शेवटचा चौधरी बाबांचा. दारातली एक बाई "अगं माय" असं म्हणून मटकन खाली बसली. मला वाटलं, तिला ऊन लागलं असेल. दामूअण्णा माझ्या कोटाची बाही ओढत होते. मला वाटलं, उशीर झाला म्हणून.

मी अकरा हात वहीत लिहून घेतले.

धूलकोट

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच बैलगाडीने धूलकोटला निघालो. दामूअण्णांना शाळा होती. रस्ता डोंगराकडे चढत जातो, सागाची पानं गळायला लागली होती आणि दोन्ही बाजूंना वेचणी चाललेल्या कपाशीची शेतं. गाडीवानाने वाटेत तीनदा चिलीम भरली आणि तीनदा मला विचारलं की हा चीनचा राजा तुमचा कोण लागतो.

धूलकोटला गैरसोय झाली ती मात्र खरी. सभेआधी नकाशा एका ओट्यावर सुकायला टाकला होता, कारण रात्री दव पडलं होतं. जेवून येतो तो शेळीने दक्षिण चीन खाल्लेला. गावचे पाटील फार ओशाळले. म्हणाले, "काही काळजी नाही मास्तर, उरलेला दाखवा, अंदाज येऊन जाईल लोकांना." अंदाज आला की नाही कोण जाणे. हात मात्र भरपूर वर गेले आणि लगेच खालीही आले. तिथे मी दोन मुक्काम केले. ज्वारीची भाकरी आणि तेल-तिखटाची चटणी पोटभर खाल्ली, आणि चौथ्या दिवशी दुपारी खुशीत परत आलो.

साळी गल्ली, चौथा दिवस

गाडी मोमीनांच्या मोहल्ल्यातून आली. दोन्ही बाजूंना माग चालू होते, खट्-खट्, खट्-खट्. कोपरा वळून साळी गल्लीत शिरलो आणि एकदम कानांत दडे बसल्यासारखं झालं. एकही माग चालत नव्हता. मागच्या मोहल्ल्यातला आवाज तेवढा भिंतीवरून येत होता.

मला वाटलं, कोणी गेलं.

गणपतच्या घराचं दार उघडं होतं. दारात तीच बाई बसली होती, जी सभेत खाली बसली होती. ती त्याची बायको, यशोदा. मला पाहून ती उठली नाही, पदरही सावरला नाही.

"या मास्तर," ती म्हणाली. "या, पाहून घ्या. आता आमचं घर बी तुमच्या चित्रात घाला."

मी आत पाहिलं. खड्ड्यात कोणी नव्हतं. ताण्याचे हजारभर धागे मधोमध कापलेले, दोन्हीकडून घोड्याच्या शेपटासारखे लोंबत होते. दीड लुगडं विणून झालेलं कापड घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं. त्यावर कात्री.

मी लोहाराचा मुलगा आहे, मला माग कळत नाही. पण चालू कामावर हत्यार घालणं म्हणजे काय, ते कळतं. "हे कोणी केलं?" मी विचारलं.

"तुमी," ती म्हणाली. "हात याचा व्हता, कात्री बी याची. पण केलं तुमी."

गणपत मागच्या अंगणातून आला. त्याने मला नमस्कार केला, बसायला घोंगडी टाकली आणि पाणी दिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तेच मला सोसवेना. मी म्हटलं, "अरे, हे लुगडं पुरं करून मग थांबायचं. एवढं कशाला?"

"हात वर केल्यावर धोटा टाकता येत नाही, मास्तरजी," तो म्हणाला. एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं.

मी तसाच दामूअण्णांकडे गेलो. ते ओसरीवर वह्या तपासत होते. मला पाहून त्यांनी चष्मा काढला.

"मी तुमची बाही ओढत होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. साळ्यांच्या पंचायतीत निंबाखाली उजवा हात वर करणं ही आण असते. साधी नाही, सगळ्यांत मोठी. भाऊबंदकीच्या भांडणातसुद्धा माणसं हात वर करायला तयार होत नाहीत. एकदा हात वर गेला की ज्याच्यासमोर गेला त्यानेच तो उतरवायचा, नाव घेऊन, त्याच निंबाखाली. तोवर आण चालू. मोडली तर जातीबाहेर. अख्ख्या गल्लीत गेल्या वीस वर्षांत कोणी हात वर केला नव्हता, आणि मी एका दुपारी अकरा करून घेतले होते.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?" मी ओरडलोच.

"तुम्ही हात मागणार हे मला काय ठाऊक? भाषण करायला येतो एवढंच तुम्ही कळवलं होतंत. तरी म्हटलं होतं, इथले लोक ऐकतात. सभेनंतर सांगायला लागलो तर तुम्ही वहीतले आकडेच वाचून दाखवत बसलात, आणि पहाटे निघूनही गेलात."

चौधरी बाबांचा प्रश्न

संध्याकाळच्या आत चौधरी बाबा दामूअण्णांकडे आले. बरोबर गणपत सोडून बाकीचे नऊ. ते ओसरीवर चढले नाहीत, अंगणातच बसले. बाबांनी काही आरोप केला नाही, नुसती हकीकत सांगितली. सुताचा व्यापारी एकच, त्याच्याकडे चकाकीचं सूत जपानी. देशी गिरणीचं तसलं सूत मिळत नाही.

"खादी विणा," मी म्हटलं.

"आमची फणी बारीक सुताची हाय, मास्तर. जाड सूत तिच्यातून जात नाही. फणी बदलली तर माग बदला लागतो. माग बदलला तं हात बदला लागते." ते पुढे म्हणाले, "व्यापारी म्हनतो, जपानी नको तं इटलीचं देतो. तस्संच चकाकते. म्हनून विचाराले आलो. इटली कसा देश हाय?"

मला खोटं बोलवलं नाही. तीन वर्षांपूर्वी याच इटलीने अबिसिनियावर चढाई केली होती, अनवाणी लोकांवर विषारी वायू सोडला होता. त्यावरही मी भाषणं केली होती. मी ते सांगितलं.

नऊ माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मंग विलायतचं?" एकाने विचारलं.

दामूअण्णा खोकले. ते सरकारमान्य शाळेचे हेडमास्तर. मी त्यांच्या टोपीकडे पाहिलं, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. एक जण हसून म्हणाला, "विलायतचं तं आमालेच ठाऊक हाय. आमच्या आज्याचा अर्धा धंदा त्यायनंच नेला."

चौधरी बाबा माझ्याकडे पाहत होते. "मास्तर, तुमी शिकलेले. बी.ए. हाय, असं तुमीच सांगतलं. मंग एवढं सांगा. ज्याच्या हाताले रगत नाही असा कोणता देश हाय? नाव सांगा. त्याचंच सूत घेतो. महाग असलं तरी घेतो."

मी जगाचा इतिहास शिकलो आहे. इकॉनॉमिक्सला मला चांगले मार्क होते. त्या अंगणात उभं राहून मी एकेक देश डोक्यात आणला आणि एकेक सोडून दिला. हे आधी कधीच का सुचलं नव्हतं? जळगावच्या सभेत कोणी विचारलं नाही म्हणून? का मी असा प्रश्न येऊच नये अशा रीतीने बोलत होतो म्हणून?

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

"मंग हात उतरवा," बाबा म्हणाले.

मी लगेच हो म्हणालो नाही, हे इथे लिहून ठेवतो. मी म्हटलं, विचार करतो. कारण त्या निंबाखाली हात उतरवायचा म्हणजे जपानी सूत खुशाल घ्या, असंच सांगितल्यासारखं. ज्या चित्रांनी मी लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं, ती चित्रं खोटी नव्हती. बाँब खोटे नव्हते. आणि कमिटी? जळगावचे लोक काय म्हणतील? नालबंदाचा पोर, एक सभा झेपली नाही.

ते गेल्यावर दामूअण्णा म्हणाले, "मास्तर, तुमच्या वडिलांच्या भात्यासमोर उभं राहून कोणी विस्तव विझवायला सांगितला असता तर?"

"त्यांनी सांगणाऱ्याच्या पायावर घण घातला असता," मी म्हटलं.

"या लोकांकडे घण नाही," ते म्हणाले आणि वह्या पुढे ओढल्या.

निंबाखाली

पाचव्या दिवशी सकाळी गेलो. अकरा जण ओळीने उभे होते, उजवा हात वर. रीतच तशी, उतरवून घेतानाही आधी वर करावा लागतो. मी एकेकासमोर जाऊन नाव घेत होतो. "किसन, तुझा हात उतरला." हात खाली. "भागवत, तुझा हात उतरला." हात खाली. दहा हात उतरले, चौधरी बाबांचाही. त्यांनी खाली घेतलेला हात दुसऱ्या हाताने चोळला.

शेवटी गणपत.

"गणपत, तुझा हात उतरला."

हात वरच होता.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "मास्तरजी, एक पुसतो. तो विणणारा मेला, असं तुमी बोलले. ते खोटं व्हतं का?"

"खोटं नव्हतं."

"सुताच्या पैशाचं?"

"तेही... सगळं खोटं नव्हतं."

"मंग काबरं उतरवू?" तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमी सोडलं, ते ठीक. तुमचं तुमी जाणा. पण मी तो माग पाह्यला. माह्या डोळ्यापुढून जात नाही."

चौधरी बाबा म्हणाले, "अरे गण्या, उतरवणाऱ्यानं उतरवला. आता तुह्यावर काही नाही."

"पंचाचं नाही, बाबा. ते समजलं. हे माह्यंच हाय."

मग यशोदा दारातून आली. मला वाटलं, ती त्याचा हात धरून खाली ओढेल. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, त्या दिवशी समद्यांनी हात वर केले. मी मोजले. अकरा. तुमचा कुठी व्हता?"

मी खिशातली वही चाचपली.

"तुमी उचललाच नाही," ती म्हणाली. "उचलला असता तं तुमाले बी ठाऊक पडलं असतं, किती जड असते तो."

पन्नास-साठ सभा झाल्या असतील माझ्या. एकाही सभेत मी स्वतः हात वर केला नव्हता. मी मोजत असायचो.

ती नवऱ्याकडे वळली. "ऱ्हाऊ दे मंग वरच. भाकरी मागाले खाली येईल नं, तव्हा पाहते." दोघे-तिघे हसले. तीही हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. गणपतने हात सावकाश खाली घेतला. पण तो माझ्या सांगण्याने उतरला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

अर्ध्या तासात दहा माग चालू झाले. अकरावा नाही. दहा मागांच्या आवाजात एका मागाची उणीव ऐकू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण आली.

प्रेसमध्ये

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी दामूअण्णा म्हणाले, "गणपतला कापसाच्या प्रेसमध्ये काम मिळालं. आजपासूनच." मी जाऊन यायचं ठरवलं. काय बोलणार होतो, ते ठाऊक नव्हतं. कदाचित त्याच्या हिमतीचं कौतुक करणार होतो. मला ते चांगलं येतं.

प्रेस गावाबाहेर, स्टेशनच्या वाटेवर. आत धूर भरावा तसे कापसाचे बारीक तंतू उडत होते. सरकी काढलेली रुई मोठ्या लाकडी पेटीत टाकतात, माणसं आत उतरून ती पायांनी तुडवतात, मग यंत्र ती दाबून गासडी बांधतं. बारा-पंधरा माणसं एका तालात तुडवत होती. कोणाचेही चेहरे ओळखू येत नव्हते. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

तिथल्या कारकुनाने मला ओळखलं. त्याने माझ्याविषयी ऐकलं होतं. तरतरीत माणूस, मला सगळं हिंडून दाखवू लागला. बांधलेल्या गासड्या भिंतीला लागून रचल्या होत्या आणि प्रत्येकीवर काळ्या शाईने इंग्रजी अक्षरं उठवलेली.

"हा आखूड धाग्याचा माल," तो म्हणाला. "आपल्या गिरण्यांना फारसा नको असतो. मुंबईहून थेट बोटीवर."

मी अक्षरं वाचली. कोबे. दुसऱ्या रांगेवर ओसाका.

"जपान," कारकून म्हणाला, आणि मग त्याने माझा चेहरा पाहिला. हळूच म्हणाला, "इथला बराचसा तिकडेच जातो, मास्तर. घेऊ नका असं तुम्ही म्हणता. पण विकू नका असं तर कोणी म्हटलं नव्हतं."

खरंच कोणी म्हटलं नव्हतं. धूलकोटच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कपाशी होती. मी तिच्या मधून चित्रं घेऊन गेलो आणि तिच्या मधूनच परत आलो. आमच्या पारोळ्यालाही कपाशीच आहे. वडील ज्या बैलांना नाल ठोकतात ते तिचाच कापूस ओढून नेतात.

विसाव्याची घंटा झाली. तुडवणारी माणसं पेटीतून बाहेर आली. एक उंच माणूस येऊन गासड्यांच्या रांगेला पाठ लावून खाली बसला आणि गुडघे चोळू लागला. त्याने तोंड पुसलं तेव्हा तो गणपत निघाला. त्याच्या डोक्याच्या अगदी वर, मागच्या गासडीवर, ती अक्षरं होती.

"मास्तरजी! तुमी इथं?" त्याला आनंद झाला. "पाह्यलं? काम भेटलं. पाय दुखते, पण होईल सवय. यशोदा बी बोलाले लागली सकाळी."

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो. कारकून दोन पावलांवर उभा होता, तो दुसरीकडे पाहू लागला.

"एक पुसू का?" गणपत म्हणाला. त्याने मूठभर रुई उचलून माझ्यापुढे धरली. "हे आपल्याच मातीचं हाय. आपल्याच माणसानं वेचलं. यात काही नाही नं? चोख हाय नं हे काम?"

मला वाचता येत होतं, आणि त्या आवारात मी आणि कारकून सोडून ते कोणालाच येत नव्हतं. मी सांगितलं असतं तर तो उठला असता. त्याच क्षणी उठला असता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्याच्यासारखा माणूस मी आधी पाहिला नव्हता. आणि मग त्याला कुठलं काम उरलं असतं, ते मला परवा दामूअण्णांच्या अंगणात सांगता आलं नव्हतं.

"चोख आहे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. घंटा झाली. त्याने मला नमस्कार केला, धोतर वर खोचलं आणि तो पेटीत उतरून पुन्हा तुडवायला लागला.